पोथी कुणाकुणाच्या हातून आली?



जुन्या पोथीचं आपल्याकडे काय होतं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. घर पाडून नवं बांधायला काढलं की देवघराच्या फडताळातून तांबड्या रुमालात बांधलेलं एक बासन निघतं. आजोबांच्या माघारी ते कुणी सोडलेलं नसतं. अक्षर लागत नाही, कडा वाळवीनं खाल्लेल्या असतात, आणि देवाची वस्तू म्हणून रद्दीत घालायला मन धजत नाही. मग घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, गिरणेला सोडून द्या. हळदकुंकू वाहून, हात जोडून आपण ते सोडतो. सोडणाऱ्याच्या भावनेबद्दल मला आदर आहे. पण आत देवीची सप्तशती असेल, तर सप्तशती काही बुडत नाही. ती सप्तशृंगगडावरच्या दुकानातही मिळते. बुडते ती दुसरी गोष्ट. ही प्रत कुणी लिहिली, कुणासाठी, कोणत्या गावी, कोणत्या साली, आणि पुढे ती कुणी कुणाला दिली, ही नोंद जगात फक्त त्या एका प्रतीवर असते. माझं आजचं बोलणं त्या नोंदीबद्दल आहे.

उदाहरण मात्र मी लांबचं घेणार आहे. ते ख्रिस्ती धर्मकथेच्या एका मराठी ग्रंथाचं आहे. तो गोव्यातल्या सासष्टीच्या देवळांतून नव्हे, चर्चमधून गायला गेला. त्याचं नाव ख्रिस्तपुराण. सप्तशृंगीच्या पायथ्याशी येऊन ख्रिस्तपुराण कशाला, असं कुणाला वाटेल. त्याचं कारण असं की, या ग्रंथाच्या प्रतींचा माग जितका दूरवर काढता येतो तितका आपल्या फार थोड्या मराठी पोथ्यांचा काढता येतो. माग काढायचा कसा, हे त्यावरून शिकता येतं.

त्याचा कर्ता इंग्रज होता. थॉमस स्टीफन्स, जन्म १५४९ च्या सुमाराचा, इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यातला. ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या जेझुइट संघात गेला, एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजात बसला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गोव्याला उतरला. तिथून परत गेला नाही. चाळीस वर्षं, बहुतेक काळ सासष्टीत, काढून १६१९ मध्ये तो वारला. पोर्तुगीज त्याला पाद्री एस्तेव्हाँव म्हणत. त्यानं कोकणीचं व्याकरण लिहिलं, कोकणीत ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी लिहिली, आणि मराठीत ओवीबद्ध पुराण रचलं: पहिलं पुराण ३६ अवस्वरांचं, म्हणजे अध्यायांचं, दुसरं ५९ अवस्वरांचं, मिळून १०,९६२ ओव्या. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास आहेत, म्हणजे आकाराचा अंदाज येईल. ज्याची मातृभाषा इंग्रजी, व्यवहार पोर्तुगीजचा, पूजा लॅटिनमधली, त्या माणसानं इतकी सरळ ओवी लिहावी आणि त्यात मराठी भाषेची थोरवी गावी, याचं मला अजूनही नवल वाटतं. शेकडो ओव्या डोळ्यांखालून घातल्याशिवाय आणि कानांवरून गेल्याशिवाय अशी ओवी येत नाही. आपल्या पुराणिकांच्या पोथ्या त्यानं अभ्यासल्या होत्या, हे तिच्या वळणावरून उघड दिसतं.

ग्रंथ का झाला, हे ग्रंथातच आलं आहे. चर्चमध्ये शिकवण चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठून विचारतो की, आमची पूर्वीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण आम्हांला का देत नाही? मला हा प्रश्न या सगळ्या कथेचा मूळ झरा वाटतो. माणसांचा धर्म बदलला होता, पण संध्याकाळी जमून ओवी ऐकायची त्यांची भूक तशीच होती. रविवारी आणि सणावारी जमाव बसवून हे पुराण गायलं जाऊ लागलं. सप्ताहात आपण ग्रंथ लावतो तशातलाच हा प्रकार होता.

छपाईच्या आधीची एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. १६०८ मध्ये स्टीफन्सनं रोमला जेझुइटांच्या प्रमुखाला पत्र लिहिलं. या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या लिपीत पुस्तकं छापावीत अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे, असं त्यात तो म्हणतो. अक्षरांचे साचे सहाशेच्या घरात लागतात म्हणून काम अडलं आहे, पण ते दोनशेंवर आणता येतील, असा हिशोबही त्यानं मांडला. ते साचे काही झाले नाहीत. १६१६ मध्ये राचोलला पुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. चाळीस वर्षांच्या आतच तीन आवृत्त्या निघाव्यात, इतका हा ग्रंथ लोकांना हवा होता.

आणि या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज कुणाच्या हाती नाही.

त्याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. कोकणचा दमट पावसाळा कागदाचा वैरी. रोज वापरातलं पुस्तक झिजूनच संपतं. शिवाय १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, आणि १७५९ मध्ये जेझुइटांना पोर्तुगीज मुलुखातून हाकलून त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. ज्यांनी ग्रंथ जपायचा तेच उठून गेले. इतकं झाल्यावर ग्रंथ टिकला तो दोन वाटांनी, आणि या दोन वाटा एकमेकींपासून इतक्या लांब आहेत की त्यांच्याकडे वेगवेगळंच पाहावं लागतं.

पहिली वाट घरांची. गोव्यातून निघून मंगळुराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पुराण हातानं उतरवून नेलं. छापील पुस्तक मिळेनासं झालं, तसे त्यांनी पुन्हा बोरू हातात घेतले. १७८४ मध्ये टिपूनं या समाजाला श्रीरंगपट्टणला कैदेत नेलं. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर जे वाचले ते परत आले. कैदेतल्या त्या वर्षांत पुराणाच्या ओव्यांनीच आपल्या लोकांना धरून ठेवलं, असं मंगळूरकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. या घरांतल्या रोमन लिपीतल्या हस्तलिखित प्रती गोळा करून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळुरात ग्रंथ छापला. अडीचशे वर्षांनी पुराण पुन्हा छापलं गेलं ते असं, देवघरांच्या आणि पेटाऱ्यांच्या बळावर. १९५६ मध्ये पुण्याला शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत काढलं आणि घाटावरच्या वाचकाला ते पहिल्यांदा सहज वाचता आलं.

दुसरी वाट लंडनची. तिथे विल्यम मार्सडेन नावाचा माणूस होता, १७५४ सालचा. तरुणपणी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुमात्रात गेला, परत येऊन सुमात्राचा इतिहास लिहिला, मलय भाषेचा कोश केला. पुढे तो ब्रिटिश आरमाराच्या कचेरीत सचिव झाला. ट्रफाल्गरची लढाई जिंकल्याची आणि सेनापती नेल्सन पडल्याची बातमी नोव्हेंबर १८०५ मध्ये मध्यरात्रीनंतर कचेरीत आली, तेव्हा ती घ्यायला जागा असलेला माणूस हाच. त्याला पौर्वात्य नाणी आणि हस्तलिखितं जमवण्याचा ध्यास होता, आणि गोव्यातले जेझुइटांचे जुने कागदही त्याच्या संग्रहात पोचले होते. १८२७ मध्ये त्यानं आपल्या ग्रंथसंग्रहाची यादी छापली. मरणाच्या आदल्या वर्षी, १८३५ मध्ये, सारा संग्रह त्यानं लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला. पुढे प्राच्यविद्येचं स्वतंत्र विद्यालय निघालं आणि १९१७ मध्ये हा संग्रह तिकडे गेला. आज आपण त्या संस्थेला सोआस म्हणून ओळखतो.

या संग्रहात देवनागरीत लिहिलेली पुराणाची हस्तलिखितं होती. ती कुणी ओळखली? जस्टिन ॲबट यांनी. अमेरिकन मराठी मिशनचे हे गृहस्थ तुम्हांला वेगळ्या कारणानं आठवतील. एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई, रामदास यांची चरित्रं आणि वाङ्मय इंग्रजीत नेणारे ते हेच. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी लंडनच्या त्याच संस्थेच्या पत्रिकेत लेख लिहून जाहीर केलं की, स्टीफन्सच्या पुराणाची मूळ देवनागरी संहिता सापडली आहे. म्हणजे १८३५ पासून जवळजवळ नव्वद वर्षं ती पोथी एका मोठ्या शहरात, संस्थेच्या कपाटात, यादीत नोंदवलेली अशी पडून होती. जे मराठी वाचत होते त्यांना ती तिथे आहे हे माहीत नव्हतं, आणि जे तिच्याजवळ होते त्यांना ती वाचता येत नव्हती. मालकी आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे फार स्पष्ट दिसतं. मार्सडेन मालक होता, कॉलेज मालक होतं. पण पोथीला नाव मिळालं ते ओवी ओळखणारा माणूस तिच्यापर्यंत पोचला तेव्हा.

आता आपल्या कामाचा खरा प्रश्न. ॲबट म्हणतात ही मूळ संहिता. छापील परंपरेत जिथे पोर्तुगीज-लॅटिन धर्मशब्द येतात, तिथे या पोथीत संस्कृत वळणाचे शब्द आहेत. म्हणून ॲबट यांना वाटलं, स्टीफन्सनं आधी असं लिहिलं असणार आणि छापताना शब्द बदलले गेले असणार. उलट बाजूही तितकीच शक्य आहे. पुढे कुणी रोमन प्रत समोर ठेवून ती देवनागरीत आणली आणि परके शब्द काढून आपले घातले, असंही झालेलं असू शकतं. अभ्यासकांत दोन्ही मतं आहेत. १६०८ च्या पत्रावरून स्टीफन्सला देवनागरी हवी होती, एवढं ठरतं. ही विशिष्ट पोथी त्याच्या जवळची आहे, हे त्यावरून ठरत नाही. तेवढ्यावर मूळ संहिता म्हणणं मला घाईचं वाटतं.

मग ठरवायचं कशावरून? चुकांवरून. पोथीचं खरं लिहिणाऱ्याच्या शहाणपणापेक्षा त्याच्या चुकांत जास्त सापडतं. समोर देवनागरी प्रत ठेवून कुणी उतरवत असेल तर तो घ आणि ध यांत फसतो, म आणि भ यांत फसतो, ब-व ची गल्लत करतो, कारण ही अक्षरं डोळ्यांना सारखी दिसतात. समोर रोमन प्रत असेल तर त्याची फसगत दुसरीकडे होते. गोव्याच्या रोमन लेखनात ट आणि त, ड आणि द, ण आणि न यांतला फरक अक्षर दोनदा लिहून दाखवत, आणि तो नेहमी पाळलाच जाई असं नाही. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच. तेव्हा एखाद्या देवनागरी पोथीत ‘त’ च्या जागी ‘ट’ वारंवार पडलेला दिसला, आणि घ-ध ची गल्लत मात्र जवळजवळ नसली, तर तिच्या मागे रोमन प्रत उभी आहे असं समजायला जागा होते. दहा हजार ओव्या अशा तपासायच्या म्हणजे वर्षांचं काम. नेल्सन फाल्काव यांनी २००९ मध्ये मार्सडेन प्रतीच्या आधारानं ओव्या आणि आजच्या मराठीतला गद्य अनुवाद असा मोठा ग्रंथ काढला, त्यामुळे हे काम आता लंडनला न जाताही करता येतं. मराठीच्या तरुण अभ्यासकांनी ते अंगावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

या कथेला एक दुखरी बाजूही आहे, ती टाळून चालणार नाही. स्टीफन्सच्या हाती आपल्या पुराणिकांच्या पोथ्या आल्या कुठून? सोळाव्या शतकातल्या जेझुइट पत्रांत हिंदूंच्या घरांतून पोथ्या उचलून आणल्याचे उल्लेख आहेत. पुष्कळ पोथ्या जाळल्या गेल्या. काही वाचण्यासाठी, त्यातला धर्म समजून घेऊन खोडून काढण्यासाठी ठेवल्या गेल्या. पोर्तुगालमधल्या ब्रागा या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात आज रामायण-महाभारताच्या कथांची हस्तलिखितं आहेत, कोकणी आणि मराठी, पण लिहिलेली रोमन लिपीत. सासष्टीतल्या कुणाच्या तरी देवघरातला मजकूर पाद्र्यांच्या सोयीसाठी रोमनमध्ये उतरवला गेला, आणि देवघर गेलं तरी तो मजकूर समुद्रापार टिकला. विसाव्या शतकात मारियानु सालढाणा यांनी ती ओळखून जगापुढे आणली. कोकणी गद्याचा इतका जुना नमुना दुसरीकडे मिळत नाही. तो मिळाला याचा आनंद मानायचा आणि तो कसा तिथे गेला हेही त्याच दमात सांगायचं, एवढंच आपल्याला करता येतं. पोथीच्या मागच्या मालकांची यादी करताना ज्याच्याकडून ती हिसकावली त्याचं नाव पहिलं यायला हवं, मग ते नुसतं ‘सासष्टीतला कुणी गृहस्थ’ एवढंच असलं तरी.

घाटावर पोथी राखण्याची दुसरी तऱ्हा होती. ती महानुभावांची. नाशिक-खानदेशात त्यांचे मठ आणि अनुयायी आहेत, त्यामुळे इथे पुष्कळांना हे जवळचं वाटेल. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी रिद्धपूरला चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या. गोळा कशा केल्या, तर ज्यानं ती लीळा पाहिली किंवा ऐकली त्याच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून. प्रत्येक आठवणीचा मालक त्यांनी नोंदवला. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ ग्रंथ गेला. मग तो पुन्हा उभा केला तो माणसांच्या पाठांतरावरून. हिराइसा नावाच्या बाईची स्मरणशक्ती अशी की तिच्या तोंडचा पाठ प्रमाण धरला गेला. आजही लीळाचरित्राच्या पोथ्यांत पाठभेदाबरोबर तो पाठ कुणाचा, हे नावानिशी येतं. हिराइसाचा पाठ असा, रामेश्वरबासांचा असा, परशरामबासांचा असा. युरोपात ग्रंथचिकित्सेचं शास्त्र उभं राहण्याच्या कित्येक शतकं आधी गोदावरीच्या आणि वऱ्हाडच्या मुलखात हे चाललं होतं, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक स्त्री होती. याचा मला अभिमान आहे.

याच पंथानं चौदाव्या शतकात सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या काढल्या आणि ग्रंथ त्यांत बंद केले. ग्रंथ परक्याच्या हाती पडला तरी त्याला वाचता येऊ नये, अशी ही मालकी होती. तिनं ग्रंथ जपले, आणि पाचशेहून जास्त वर्षं ते उरलेल्या महाराष्ट्राला दिसेनासेही केले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वि. ल. भावे, वि. का. राजवाडे, य. खु. देशपांडे यांच्या खटपटीनं आणि काही महंतांच्या मोठ्या मनानं त्या लिप्या उलगडल्या. मराठीचा आद्य गद्य ग्रंथ आपल्याला तेव्हा कुठे भेटला. कुलूप घालणाऱ्यानंच किल्ली दिली, म्हणून हे झालं. महंतांच्या त्या निर्णयाचं ऋण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पुरेसं मानलं गेलेलं नाही, असं माझं मत आहे.

राजवाड्यांचं नाव निघालं म्हणून एक सांगतो. बीडच्या पाटांगणात त्यांना ज्ञानेश्वरीची एक पोथी मिळाली. ती एकनाथांच्या आधीची आहे असं त्यांचं म्हणणं, आणि तिच्यावरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली. पण ती पोथी पुढे कुणाला पाहायला मिळाली नाही. छापील मजकूर हातात आहे, पण कागद कसला होता, शाई कसली, अक्षराचं वळण कोणत्या काळाचं, शेवटी काय लिहिलं होतं, हे तपासायला वस्तूच नाही. म्हणून शंभर वर्षं वाद चालतो आणि मिटत नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या हातूनही वस्तू गेली की तिची साक्ष गेली.

आता आपल्या गावाकडे येऊ. समोर सप्तशृंगगड, त्याच्या समोर मार्कंडेयाचा डोंगर. मार्कंडेय ऋषी तिथे बसून पुराण सांगत होते आणि ते ऐकायला देवीनं मान किंचित कलती केली, ही कथा इथलं शेंबडं पोरही सांगेल. सप्तशती ही मार्कंडेय पुराणातलीच, त्याच्या ८१ ते ९३ या अध्यायांतली. अशा मुलखात घराघरांत सप्तशतीच्या पोथ्या असणं साहजिक आहे. अशी पोथी हाती आली तर काय पाहायचं?

पहिल्यांदा शेवटचं पान. मजकूर संपल्यावर लेखकानं दोन-चार ओळी लिहिलेल्या असतात, त्यांना पुष्पिका म्हणतात. शक, संवत्सर, मास, तिथी, वार, गाव, लिहिणाऱ्याचं नाव, कुणासाठी लिहिलं ते, आणि पुष्कळदा एक विनवणी, की जसं समोर होतं तसं लिहिलं, मला दोष देऊ नका, पोथीला तेल-पाण्यापासून जपा. या ओळींवर एकदम विश्वास ठेवायचा नाही. त्या तपासता येतात. शकाच्या आकड्यात १२ मिळवा, ६० नं भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली तो शक १५०६. त्यात १२ मिळवले की १५१८, साठानं भागून बाकी १८. अठरावा संवत्सर तारण, आणि नाथांनी तारणच लिहिला आहे. ज्ञानेश्वरीचा शक १२१२ घ्या. १२२४ ला साठानं भागून बाकी २४, म्हणजे विकृती. एखाद्या पोथीत शक आणि संवत्सर जुळत नसतील तर समजा, की आकडा उतरवताना चूक झाली आहे, किंवा उत्तरेकडची गणना वापरली आहे, किंवा पुष्पिका जुन्या पोथीवरून जशीच्या तशी उचलली आहे. यातलं तिसरं फार वेळा घडतं. लिहिणारा समोरच्या पोथीतली तारीखसुद्धा भक्तीनं उतरवून ठेवतो, आणि दोनशे वर्षांपूर्वीची पोथी चारशे वर्षांची होऊन बसते.

म्हणून मग कागद. पान उजेडासमोर धरा. कागजीपुऱ्याचा, जुन्नरचा हातकागद असेल तर आत चाळणीच्या काड्यांच्या बारीक रेषा दिसतील. गिरणीचा कागद असेल तर क्वचित कंपनीचं चिन्ह आणि सालसुद्धा उमटलेलं दिसेल. साल दिसलं की पोथी त्याच्या अलीकडची, मग पुष्पिका काहीही म्हणो. अक्षरावर पिवळा लेप दिसला तर तो हरताळ. चुकलं तिथे तो फासून वर दुरुस्ती केलेली असते. कधी तिथे मालकाचंच नाव फासून टाकलेलं असतं, आणि वाटणीचा सगळा कलह त्या पिवळ्या डागाखाली झाकलेला असतो.

आणि मग मळ. याकडे आपण कधी पाहतच नाही. सप्तशतीच्या पोथीत कोणती पानं काळवंडली आहेत ते बघा. कवच, अर्गला, कीलक यांची पानं, चौथ्या आणि अकराव्या अध्यायांतल्या देवीच्या स्तुतीची पानं खालच्या कोपऱ्यात अंगठ्याच्या घामानं आणि तेलानं गडद झालेली असतील आणि युद्धाचे अध्याय स्वच्छ असतील, तर त्या घरात पूर्ण पाठ क्वचित होई आणि स्तुती मात्र रोज म्हटली जाई. कुंकवाचा ठिपका, निरांजनाच्या तुपाचा थेंब, नवरात्रातल्या एखाद्या माळेचं चिकटून राहिलेलं फूल, या सगळ्या नोंदी आहेत. युरोपातल्या मध्ययुगीन प्रार्थनापुस्तकांवर काम करणाऱ्या कॅथरिन रूडी या संशोधक बाईंनी तर पानांचा मळ यंत्रानं मोजला. कोणती प्रार्थना लोक खरोखर करत आणि कोणती नुसती पुस्तकात होती, हे त्यांनी त्यावरून दाखवलं. तिकडच्या त्या पुस्तकांत सुरुवातीला संतांच्या सणांचं पंचांग असतं. कोणत्या गावचे संत त्यात आहेत यावरून पुस्तक कुठलं ते कळतं, आणि त्याच पंचांगात घरच्यांनी जन्म-मृत्यू टिपून ठेवलेले असतात. इंग्लंडच्या राजानं पोपशी फारकत घेतली, तेव्हा लोकांनी आपापल्या पुस्तकांतून पोपचं नाव खरवडून काढलं. आपल्या पोथ्यांच्या रुमालात जन्मटिपणं, लग्नाची कुंकवानं लिहिलेली यादी, खत-पत्र सापडतात ती त्याच जातीची. ती फेकू नका. पोथीपासून वेगळीही करू नका. पोथीच्या लाकडी फळ्या, जुना रुमाल, सुटी चिठ्ठी हे सगळं एकत्र असलं तरच माग लागतो.

कळवण तालुक्यात कोकणा आणि भिल्ल समाजाची मोठी वस्ती आहे. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात, थाळीवरच्या काडीवरून बोटं फिरवून रात्र-रात्र गायल्या जाणाऱ्या कथांत जी प्रार्थना आहे ती कागदावर कधी आली नाही. तिच्या बाबतीतही हेच विचारायचं, की ही कथा तू कुणाकडून घेतलीस, आणि त्यानं कुणाकडून घेतली? गाणारा माणूस आपल्या गुरूचं नाव आवर्जून सांगतो, पण ध्वनिमुद्रण करणारा ते पुष्कळदा टिपून घेत नाही. हिराइसाचं नाव सातशे वर्षं टिकलं, कारण लिहिणाऱ्यानं ते लिहिलं. डांगसौंदाण्याच्या बाजाराला येणाऱ्या म्हाताऱ्या कथकऱ्याचं नाव टिकू नये याला कारण नाही.

पोथी कुठे द्यायची असं विचारणारेही भेटतात. द्यायलाच हवी असं मुळीच नाही. कायद्यानं ७५ वर्षांवरचं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं. ते देशाबाहेर नेता येत नाही, पण घरी ठेवायला आडकाठी नाही. द्यायचंच असेल तर लांब जायला नको. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे आणि समर्थ वाग्देवता मंदिर आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून फिरून रामदासी पोथ्या तिथे आणल्या. समर्थांच्या हातची वाल्मीकी रामायणाची प्रतही तिथेच आहे, आणि ती त्यांनी नाशिकजवळ टाकळीला असताना लिहिली असं परंपरा मानते. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. पुण्याला भांडारकर संस्था आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. कुठेही द्या, पण देताना कुठून आली ते लेखी द्या. मार्सडेनला त्याच्या पोथ्या देताना कुणी एवढं लिहून दिलं असतं, तर ॲबट यांच्यापासून आजपर्यंत चाललेल्या वादातला निम्मा वाद उरला नसता.

आणि घरीच ठेवायची असेल तर आज रात्री एक साधा कागद घ्या. घरात सर्वांत वयस्क असेल त्या बाईला विचारा, पुरुषाला नंतर विचारा, कारण पोथी पुष्कळदा माहेराहून आलेली असते आणि ती गोष्ट सासरच्या पुरुषांना माहीत नसते. कुणाची होती, कोणत्या गावाहून आली, कोण वाचायचं, कधी वाचायचं, वाचणं कधी थांबलं, हे विचारून लिहा. सांगणारीचं नाव लिहा, खाली तारीख घाला, शिसपेन्सिलीनं लिहा म्हणजे शाई उतरणार नाही, आणि तो कागद त्याच रुमालात ठेवा.